तुमचं पत्र, माझं उत्तर : लिंकनचे वडील आणि नॅटिकचा मोची

गेल्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी लिहिलं, की लिंकनच्या वडिलांच्या जोड्यांची गोष्ट खोटी आहे, आणि अमेरिकेतला खरा मोची-आमदार म्हणजे नॅटिक गावचा हेन्री विल्सन. चार ओळी लिहिल्या आणि मोकळा झालो. टपाल बघितल्यावर कळलं, एवढ्यावर सुटका नाही. म्हणून या वेळी जागा त्यालाच.

प्रश्न : आमचं घर सुभाषनगरात. सासरे अजून चपला करतात. मुलगी नववीत आहे आणि शाहू जयंतीच्या वक्तृत्व स्पर्धेत उभी राहणार आहे. भाषणात तिनं मोबाईलवर आलेली तीच गोष्ट घेतलीय: लिंकन अध्यक्ष झाला, सिनेटमध्ये पहिल्याच दिवशी एक बडा माणूस उठून म्हणाला, "विसरू नका, तुमचे वडील आमच्या घरचे जोडे शिवायचे." लिंकन म्हणाला, "त्यांच्या कामाबद्दल तक्रार असेल तर सांगा, मी दुसरा जोड करून देतो." बाई म्हणाल्या, फार छान. सासरे ऐकून म्हणाले, "कुणीतरी रचलीय ही." आणि तुम्हीही तेच लिहिलंत. आता भाषणात काय घालायचं? — एक आई, सुभाषनगर, कोल्हापूर

उत्तर : ताई, आधी सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. त्यांना जे ऐकताक्षणी कळलं ते मला कळायला वीस वर्षं लागली. मी इतिहासाचा मास्तर, आणि ही गोष्ट मी वर्गात दरसाल सांगितली आहे, आवाज चढवून, शेवटी फळ्याकडे वळून क्षणभर थांबून. एका मुलानं विचारलं, "सर, कुठल्या पुस्तकात आहे?" मी त्याला दटावून खाली बसवलं. घरी येऊन शोधायला लागलो, तर मुळात तिथं काही नव्हतंच.

लिंकनचे वडील थॉमस लिंकन सुतारकाम आणि शेती करायचे. लिंकन स्वतः १८३४ ते १८४२ इलिनॉय राज्याच्या विधिमंडळात होता. अमेरिकेच्या सिनेटवर, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहावर, तो कधीच गेला नाही. १८५८ ला प्रयत्न केला, जागा स्टीफन डग्लसनं राखली. आणि तिथला अध्यक्ष आपल्या मुख्यमंत्र्यासारखा सभागृहात बसून सभासदांना उत्तरं देत नाही. म्हणजे गोष्टीतला बाप नाही, जागा नाही, प्रसंगही नाही. सासऱ्यांनी कशावरून ओळखलं ते त्यांना जरूर विचारा. माझा अंदाज, जोडा करणारा माणूस चारचौघांत "तक्रार असेल तर सांगा" असं मिरवत नाही. तो पाय हातात घेतो आणि कुठं चावतंय ते बघतो.

आता मुलीनं भाषणात काय घ्यावं ते सांगतो. तिथल्या सिनेटमध्ये असाच एक प्रसंग खरोखर घडला. त्यात ज्यानं उत्तर दिलं त्याचा बाप मोची नव्हता, तो स्वतःच मोची होता.

मार्च १८५८. साउथ कॅरोलायनाचा जेम्स हॅमंड बोलायला उठला. मोठा मळेवाला, शेकडो गुलामांचा मालक, आपल्या राज्याचा माजी गव्हर्नर. त्याच्या बोलण्याचा मतलब असा, की कुठल्याही समाजात हलकी कामं करायला एक वर्ग लागतोच. घर बांधताना सगळ्यात खालचं लाकूड चिखलात घालतात, तसा. इंग्रजीत त्या लाकडाला मडसिल म्हणतात, आणि ते भाषण पुढं याच शब्दानं ओळखलं गेलं. आमचं चिखलातलं लाकूड म्हणजे गुलाम, असं तो म्हणाला. मग गुलामगिरी नसलेल्या उत्तरेच्या सभासदांकडे वळून म्हणाला, की तुमच्याकडचे हातावर पोट असलेले सगळे मजूर तरी वेगळे काय आहेत? तेही गुलामच. आमचे जन्मभरासाठी ठेवलेले, तुमचे रोजावर, एवढाच फरक.

सुमारे पंधरा दिवसांनी मॅसॅच्युसेट्सचा सिनेटर हेन्री विल्सन उत्तराला उभा राहिला. लिंकनच्या गोष्टीतल्यासारखी एका वाक्याची टाळी त्यात नव्हती. लांबलचक, आकडेवारीनं भरलेलं भाषण होतं. पण त्यात त्यानं सांगितलं, की मी मजुराचा मुलगा आहे, मी स्वतः मजुरी केलेली आहे, माझ्या लहानपणच्या घरावर गरिबीची काळी सावली होती, आणि या सभागृहात मी उभा आहे तो त्या लोकांचा माणूस म्हणून.

हे मुलीला सांगा. आणि शाहू महाराजांचं भाषण आहे, तर इतक्या लांब जायचीही गरज नाही. महाराजांनी गंगाराम कांबळेंना चहाचं हॉटेल काढायला लावलं आणि स्वतः गाडी थांबवून तिथला चहा प्याले. हे आपल्या कोल्हापुरात घडलेलं आहे. विल्सनला दुसऱ्या परिच्छेदात बसवा.

प्रश्न : हा विल्सन खरंच हातानं बूट शिवत होता की कारखान्याचा मालक होता? आपल्याकडे निवडणुकीच्या अर्जावर सगळेच शेतकरी असतात, म्हणून विचारलं. आणि मोची आमदार झाला कसा? — सेवानिवृत्त लिपिक, राजारामपुरी

उत्तर : तुमच्या टोमण्यासकट प्रश्न आवडला. दोन्ही. आधी हातानं, मग मालक. सुरुवातीपासून सांगतो, कारण मजा सुरुवातीला आहे.

जन्म १६ फेब्रुवारी १८१२, न्यू हॅम्पशायरमधल्या फार्मिंग्टनजवळ. नाव जेरेमाया जोन्स कोलबाथ. शेजारी एक पैसेवाला अविवाहित गृहस्थ होता. बापानं त्याचं नाव पोराला ठेवलं, मरताना काही ठेवून जाईल या आशेनं. काही ठेवलं नाही. दहाव्या वर्षी पोराला एका शेतकऱ्याकडे कराराने बांधून घातलं: एकविसाव्या वर्षापर्यंत राबायचं, त्या बदल्यात अन्न, कपडे आणि हिवाळ्यात थोडे दिवस शाळा. आपल्याकडे सालगडी असतो तसाच, फक्त इथं एकदम अकरा सालं. सुटताना हातात पडलं काय, तर सहा मेंढरं आणि एक बैलजोडी. त्यानं ती लगेच विकली. सुमारे ८५ डॉलर आले.

या अकरा वर्षांत त्यानं एक काम स्वतःसाठी केलं, ते वाचनाचं. गावातल्या एका वकिलाच्या बायकोनं पुस्तकं द्यायला सुरुवात केली, आणि दिवसभर राबून तो रात्री शेकोटीच्या उजेडात वाचायचा. करार संपेपर्यंत हजाराच्या आसपास पुस्तकं वाचून झाली होती म्हणतात. आकडा थोडा फुगला असेल. निम्मा धरला तरी माझ्या वर्गातल्या कुणाची बरोबरी होणार नाही, माझीसुद्धा नाही.

एकविसाव्या वर्षी त्यानं पहिली गोष्ट केली ती नाव बदलण्याची. राज्याच्या विधिमंडळाकडून रीतसर मंजुरी घेऊन १८३३ मध्ये तो हेन्री विल्सन झाला. ज्या नावावर बापानं वारसाहक्काचा डाव लावला होता, तेच टाकून दिलं.

त्याच वर्षी डिसेंबरात तो शंभर मैलांहून जास्त अंतर तुडवत मॅसॅच्युसेट्समधल्या नॅटिकला पोचला. गाव बुटांच्या धंद्याचं. तिथं एका कारागिराशी ठरलं: तू मला काम शिकव, मी पाच महिने फुकट राबतो. काही आठवड्यांत हात बसला, तेव्हा १५ डॉलर मोजून त्यानं उरलेल्या करारातून स्वतःला सोडवून घेतलं. अकरा वर्षं बांधलेला माणूस. दुसऱ्यांदा बांधून घेणं त्याला परवडलं नसावं.

तिथल्या कामाची पद्धत तुम्हाला ओळखीची वाटेल. माझे वडील चप्पल लाईनमधल्या एका दुकानात हिशेब लिहायचे, त्यामुळं सुट्टीत माझं बस्तान तिथंच. माल दुकानात तयार होत नसे. कातडं कारागिराच्या घरी जायचं. पुरुष तळ कापायचे, रापीनं कडा साफ करायचे, बायका बसून बारीक वेण्या वळायच्या, आणि शनिवारी जोड मोजून पैसे. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या राज्यांत, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असंच चाले. घराशेजारी दहा बाय दहा फुटांची खोली असे, तिला 'टेन-फूटर' म्हणजे दहाफुटीच म्हणत. आत तीनचार माणसं मांडीवर काम घेऊन बसलेली. बुटाचा वरचा भाग घरोघरी बायका शिवत. विल्सन ज्या खोलीत बसत असे ती नॅटिकमध्ये आजही जपून ठेवलेली आहे. आपल्याकडे अशी एखादी खोली जपावी असं कुणाला वाटलेलं नाही, हे जाता जाता.

थोडे पैसे साठल्यावर त्यानं शिक्षण घ्यायचा प्रयत्न केला, पण पैसे ज्याला उसने दिले तो बुडाला. मग नॅटिकला परत, थोडे दिवस शाळेत शिकवणं, आणि पुढं स्वतःचा धंदा. वाढत वाढत त्याच्याकडे शंभराच्या आसपास माणसं कामाला होती.

आता तुमचा दुसरा प्रश्न. नॅटिकमध्ये तरुणांचं एक वादविवाद मंडळ होतं. विल्सननं तिथं जाऊन बोलण्याचा सराव केला. १८४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यानं तेव्हाच्या दोन मोठ्या पक्षांपैकी एका, व्हिग पक्षाच्या उमेदवारासाठी, हॅरिसनसाठी, गावोगाव सभा घेतल्या, आणि लोक त्याला 'नॅटिकचा मोची' म्हणायला लागले. त्याच मोसमात तो राज्याच्या कनिष्ठ सभागृहावर निवडून गेला. तेव्हा तिथली मुदत एकच वर्षाची असे, दरसाल मतं मागायला दारात. पुढं राज्याच्या सिनेटवर दोनदा काही काही वर्षं, आणि १८५१-५२ मध्ये त्या सिनेटचा अध्यक्ष. १८५५ पासून वॉशिंग्टनला.

पैसा मात्र त्याच्याकडे टिकला नाही. १८७३ ला अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ घ्यायची, तर त्या समारंभापुरतेही पैसे खिशात नव्हते. सिनेटर समनरकडून त्यानं शंभर डॉलर उसने घेतले. अर्जावर शेतकरी लिहिणाऱ्यांपैकी कुणाबद्दल असं ऐकलंय का, ते तुम्हीच सांगा.

प्रश्न : नॅटिकचे जाड बूट दक्षिणेतल्या मळ्यांवर गुलामांना घालायला जात होते असं मी वाचलं. मग तो गुलामगिरीविरोधी कसा? तुम्ही याबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. — महाविद्यालयीन विद्यार्थी, इचलकरंजी

उत्तर : चार ओळींत मावलं नव्हतं, पण चोरलंही नव्हतं. तू वाचलंस ते बरोबर आहे. त्या बुटांना ब्रोगन म्हणत: घोट्यापर्यंतचे, जाड कातड्याचे, ओबडधोबड. न्यू इंग्लंडमधल्या गावांनी ते लाखांनी केले आणि दक्षिणेतले मळेवाले घाऊक खरेदी करत. नॅटिकचा माल हाच. म्हणजे विल्सनचा धंदा ज्या गिऱ्हाइकावर उभा होता, त्याच गिऱ्हाइकाच्या विरोधात तो विधिमंडळात बोलत होता. तुझ्या गावच्या यंत्रमागावर कुणाच्या पैशाचं सूत चढतं याचा विचार केलास तर हे किती अवघड असतं ते कळेल. मी त्याची सफाई देत नाही.

पण त्यानं केलं काय, तेही बघ. १८३६ मध्ये तब्येत बिघडली म्हणून तो वॉशिंग्टनला हवापालट करायला गेला. वाटेत मेरीलँडच्या शेतांत गुलाम राबताना दिसले. राजधानीत, कॅपिटॉलची म्हणजे तिथल्या संसदेची इमारत दिसेल इतक्या जवळ, विक्रीसाठी आणलेल्या माणसांचा कोंडवाडा होता. आपण गुरं कोंडतो तसा. चोवीस वर्षांचा मोची ते बघून परतला आणि पुढचं सगळं राजकारण त्यानं त्या दृश्याभोवती केलं. १८४५ मध्ये टेक्सासला गुलामगिरीसकट संघराज्यात घेण्याच्या विरोधातला अर्ज कवी जॉन व्हिटियरबरोबर वॉशिंग्टनला घेऊन गेला. १८४८ ला व्हिग पक्षानं गुलामांच्या मालकाला, झॅकरी टेलरला, अध्यक्षपदाची उमेदवारी दिली, तेव्हा अधिवेशनातून उठून बाहेर पडला आणि गुलामगिरी नव्या मुलखात पसरू देऊ नये म्हणणारा फ्री सॉइल नावाचा नवा पक्ष उभा करायला लागला.

मला सगळ्यात आवडतो तो हिशेब डिसेंबर १८६१ चा. त्या वेळी तो सिनेटर होता. राजधानीच्या जिल्ह्यातली गुलामगिरी बंद करणारं विधेयक त्यानंच मांडलं. १६ एप्रिल १८६२ ला लिंकननं सही केली आणि तीन हजारांवर माणसं मोकळी झाली. लिंकनच्या गुलाममुक्तीच्या प्रसिद्ध जाहीरनाम्याच्या साडेआठ महिने आधी. पंचवीस वर्षांपूर्वी जो कोंडवाडा बघितला, त्याच गावात. कायद्यात एक कडू घास होता: नुकसानभरपाई मालकांना मिळाली, माणशी सरासरी तीनशे डॉलरपर्यंत. जो राबला त्याला त्यातलं काही नाही. विल्सननं तडजोड केली. नसती केली तर विधेयक अडकलं असतं, असं म्हणतात. मला अजून ते घशाखाली उतरत नाही.

उत्तर-दक्षिणेच्या यादवी युद्धात सिनेटच्या लष्करी समितीचा तो अध्यक्ष होता. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर आणि काळ्याला १०, त्यातूनही ३ कपड्यांचे कापून हातात ७. हा फरक काढून टाकण्यासाठी तो भांडला आणि १८६४ मध्ये समान पगाराचा कायदा झाला. मजुरी मोजून घेतलेल्या माणसाला सात आणि तेरा यांतला फरक भाषणाशिवाय कळत असावा.

आणि तू विचारलं नाहीस तरी एक डाग मीच दाखवतो. १८५५ मध्ये तो सिनेटवर गेला तो नो-नथिंग पक्षाच्या मदतीनं. हा पक्ष आयरिश आणि कॅथलिक स्थलांतरितांच्या द्वेषावर वाढलेला. काळ्या माणसासाठी लढणारा माणूस मतांसाठी आयरिश मजुराच्या वैऱ्यांबरोबर बसला. पुढं तो त्या पक्षातून बाहेर पडला हे खरं, पण शिडी चढून झाल्यावर.

प्रश्न : महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. विल्सनशी काही संबंध? — शिक्षिका, गडहिंग्लज

उत्तर : थेट संबंध नाही, आणि ओढूनताणून जोडू नका. जोतीरावांनी अर्पण केलं ते निग्रो गुलामांना दास्यातून सोडवण्याच्या कामी औदार्य आणि निरपेक्षता दाखवणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना. त्यात विल्सनसारखे पुष्कळ येतात. पुस्तक १८७३ चं, आणि विल्सन उपराष्ट्राध्यक्ष झाला तोही १८७३ मध्ये. मुलांना एवढं सांगा, की जोतीराव पुण्यात बसून ज्या काळाकडे बघत होते, तो तिथंही अजून ताजा होता. विल्सन तेव्हा गुलामांच्या मालकांच्या सत्तेचा तीन खंडी इतिहास लिहीत होता. तिसरा खंड त्याच्या हयातीत छापून झाला नाही. १८७३ लाच अर्धांगाचा झटका आला होता. नोव्हेंबर १८७५ मध्ये कॅपिटॉलच्या तळघरातल्या स्नानगृहात अंघोळ करून आला आणि पुन्हा झटका आला. तिथल्याच उपराष्ट्राध्यक्षांच्या खोलीत २२ तारखेला गेला.

प्रश्न : (नातीच्या हातानं लिहिलेलं) त्याच्या बुटाला डावा-उजवा असायचा का? खिळे मारायचा की टाका घालायचा? एका दिवसात किती जोड काढायचा? — सुभाषनगरचे आजोबा

उत्तर : आजोबा, तुमच्या पत्राची वाटच बघत होतो. त्या काळचे स्वस्त ब्रोगन पुष्कळदा एकाच सरळ फर्म्यावर काढत. डावा-उजवा घालणाऱ्याच्या पायानं ठरवायचा, तोवर फोड. तळ बसवायला लाकडी खुंट्या ठोकत. आरीनं भोक पाडायचं, खुंटी मारायची, बाहेर आलेलं टोक कापायचं. पाणी लागलं की लाकूड फुगतं आणि पकड घट्ट होते. तुमच्या वादीच्या टाक्यापुढं ते कच्चं काम वाटेल. घाऊक मालाला मात्र झटपट.

जोडांचं विचाराल तर नॅटिकमध्ये एक गोष्ट सांगतात. विल्सननं न झोपता सलग पन्नास जोड काढायचं मनावर घेतलं. सत्तेचाळीस झाले. अठ्ठेचाळिसाव्यातला एक पुरा झाला, दुसरा हातात होता, आणि तिथंच डोळा लागला. साडेसत्तेचाळीस. खरं किती, भर किती, हे माझ्यासारख्या हिशेबनिसाच्या पोरापेक्षा तुम्ही जास्त ओळखाल. लिंकनची गोष्ट तुम्ही एका वाक्यात निकालात काढलीत, आता ही बघा. आणि ऐन उमेदीत तुम्ही एका बैठकीत किती जोड उठवलेत, तो आकडा नातीकडून लिहून पाठवा. पुढच्या अंकात छापतो.